लगदाकाकाजी

आमच्या कन्हानात केळं खायला कोणाची मनाई नाही. मनाई आहे ती साल टाकायला. ठेल्यापाशी उभे राहून तुम्ही शेवटचा घास घेता, सालीसकट हात मागे जातो आणि नेमका तिथेच एक तळहात पसरलेला असतो.

"फेकू नका जी. कच्चा माल हाय."

वळून पाहावं तर पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेनाऐवजी टेस्टर, खांद्याला सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी आणि चेहऱ्यावर थकबाकी वसूल झाल्याचं समाधान. हे आमचे लगदाकाकाजी.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे. मतदार यादीत सापडेल. पण ज्या उन्हाळ्यात त्यांनी घरच्या मिक्सरमध्ये पऱ्हाटीचा लगदा काढला, त्या उन्हाळ्यापासून गल्लीनं हे नाव ठेवलं. कन्हानला गल्लीनं ठेवलेलं नाव नदीच्या पुरातही वाहून जात नाही.

निवृत्त माणसांचे काही ठरलेले प्रकार असतात. कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागतो, कोणी भजनी मंडळात पेटी धरतो, कोणी रोज बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो. आणखी एक प्रकार विरळा, पण गावाला एक तरी असतोच. त्याला साठी उलटली की एका पहाटे साक्षात्कार होतो: या जगात टाकाऊ असं काही नाही. तेव्हापासून त्याला तयार वस्तू दिसेनाशा होतात. लग्नात सगळे नवरीकडे पाहतात, हा हातातल्या अक्षतांकडे पाहतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, "याचं तूस कुठं गेलं असन?"

काकाजींना मात्र या वेडाचा वारसाहक्कच होता. त्यांनी तेहतीस वर्षं कोळसा खदानीत काढली, शेवटी ओव्हरमन म्हणून. आणि कोळसा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं मनाला लावून घेतलेला माणूस मी पाहिला नाही. आपल्या पायाखालचा गोंडवन कोळसा म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतला पालापाचोळा, दबून दबून काळा झालेला. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३ पासून उभं आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात कामठी-सिल्लेवाड्याच्या दगडांतून त्या पानांचे ठसे वेचत हिंडले. ग्लॉसोप्टेरिस हे त्या झाडाचं नाव. लांबट, जिभेसारखं पान. त्याचं चित्र काकाजींनी देव्हाऱ्याशेजारी लावलंय. काकू दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू वाहतात, विचारलं तर म्हणतात, "तेहतीस वर्सं यानंच घर चालवलं बाप्पा."

"मी जिंदगीभर जुना काडीकचरा उपसला," काकाजी सांगतात, "आता ताजा उपसून रायलो. ही रिटायरमेंट नाही जी, ट्रान्सफर हाय."

मिक्सरची गोष्ट याच 'ट्रान्सफर'च्या पहिल्या उन्हाळ्यातली. काकू गाडीनं माहेरी रामटेकला गेल्या होत्या. काकाजींनी कुठेतरी वाचलं होतं की कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी इतर पिकांच्या काडासारखी नसते. तिची घडण पुष्कळशी टणक लाकडासारखी असते आणि तिचा कागद होतो. त्यांनी भारा आणला, बोटभर तुकडे केले, कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं आणि काकूंचा पुरणाचा मोठा जर्मनचा गंज चुलीवर चढवला.

कॉस्टिक सोड्यानं लाकडातला लिग्निन नावाचा चिकट पदार्थ सुटतो आणि रेषा मोकळ्या होतात, इथवर काकाजींचं वाचन झालं होतं. तोच सोडा ॲल्युमिनियमही खातो, हे पुढच्या पानावर असावं. गंज फसफसला, फेसाळला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या बुडाला जाळी पडली. एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. काकाजींनी त्या जाळीतूनच लगदा गाळला.

मग मिक्सर. तो काकूंना त्यांच्या भावानं भाऊबीजेला दिलेला. पऱ्हाटीच्या पहिल्या भांड्याला तो कण्हला, दुसऱ्याला ओरडला, तिसऱ्याला त्यातून असा काही वास आला की समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन विजेच्या खांबाकडे पाहू लागले. काकू चौथ्या दिवशी परतल्या. त्यांना म्हणे स्टेशनवरच कळलं होतं.

कागद मात्र झाला. पन्नास-साठ गोल चकत्या, तपकिरी, खरबरीत. गच्चीवर वाळत घातल्या तर वरून खदानीची धूळ आणि औष्णिक केंद्रांकडून येणारी राख बसून त्यांना आपोआप करडा रंग चढला. काकाजी त्याला 'नॅचरल शेड' म्हणाले. शेजारच्या चादरीवर काकूंनी आल्या आल्या पापड घातले होते. संध्याकाळी वारं सुटलं, नातवानं दोन्ही चादरी एकत्र गुंडाळून खाली आणल्या, आणि रात्री जावई जेवायला होते. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की तेलात कागद फुलला, पापड फुलला नाही. काकूंनी गंज माफ केला, मिक्सरही जवळजवळ माफ केला होता. पण हे त्यांनी अजून मनात ठेवलंय.

त्या रात्री काकूंनी एकच प्रश्न विचारला, आणि पुढे प्रत्येक शोधाला त्यांनी तोच विचारला: "हे मोडलं तं कबाडी घेईन का?"

काकाजींनी उत्तर दिलं नाही. शोधकाला असे प्रश्न क्षुद्र वाटतात.

हे वेड विदर्भाला नवं नाही, हेही खरं. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस, आणि हातकागद हा तिथला आवडता उद्योग. तिकडे बल्लारपुरात १९४५ च्या सुमारास थापरांनी बांबूपासून कागदाची गिरणी उभी केली. एका टोकाला चरखा, दुसऱ्या टोकाला भोंगा. काकाजी या इतिहासाचे तीन टप्पे मानतात: मगनवाडी, बल्लारपूर आणि स्वतःची गच्ची.

त्यांच्याशी बोलताना जपावं लागतं, कारण ते तुमच्या अंगावरच्या वस्तूंपासून सुरुवात करतात. परवा भाजीवाल्याला मी वीसची नोट देत होतो. काकाजींनी ती मधेच उचलली, उन्हात धरली. "कागद नोहे जी हा. कापूस हाय, शंभर टक्के. म्हनून खिशात राहून धुतली तरी फाटत नाही." भाजीवाला म्हणाला, "काकाजी, द्या न आता ते." पण काकाजी तोवर १९१३ सालात पोचले होते. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरला, तीही मुळात कापसाचीच, कापसावर आम्लाची प्रक्रिया करून केलेल्या सेल्युलॉइडची. प्लॅस्टिकचा जन्मच मुळी शेतातला, तेल नंतर आलं, वगैरे. यातलं सगळं खरं आहे. मी नंतर पडताळून पाहिलं. माझी तक्रार एवढीच की कोथिंबीर तोवर कोमेजली होती.

दुसरा मोठा प्रकल्प ताटल्यांचा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा काकाजींना वाटलं, सरकारनं आपल्याच भरवशावर ही उडी घेतली. रामटेक-मौद्याकडे धानाच्या गिरण्या आहेत. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. तुसात सिलिका भरपूर, म्हणून जनावर त्याला तोंड लावत नाही. काकाजींनी लावलं. तूस, डिंक आणि मेथीच्या दाण्यांचा चिकट काढा असं मिश्रण दोन थाळ्यांमध्ये दाबून त्यांनी ताटल्या काढल्या.

आता ताटली टिकते की नाही हे तपासायला जगात कुठे कुठे प्रयोगशाळा असतील. काकाजींनी नागपूर जिल्ह्याला शोभेल असं स्वतःचं मानक ठरवलं: सावजी रस्सा, तर्रीसकट, वीस मिनिटं. पहिली ताटली चार मिनिटांत गेली. दुसरी सात. अकरा मिनिटांचा विक्रम झाला त्या रात्री ते पेढे घेऊन आले. पण अकरा मिनिटांत नागपुरी माणूस फक्त बसायला जागा शोधतो. पुतण्याच्या घरच्या बारशाला काकाजींनी हट्टानं शंभर ताटल्या मांडल्या आणि वर पाटवडीचा रस्सा आला. दुसऱ्या वाढणीपर्यंत ताटली कुठे संपते आणि वडी कुठे सुरू होते ते कळेना. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी मात्र शांतपणे सगळं संपवलं आणि 'यंदाची पाटवडी भरड झाली' म्हणाल्या.

शेवटी बाजारात पळसाच्या पत्रावळी घेऊन बसणाऱ्या बाईकडे माणूस पळाला. पळसाला पानं तीनच, पण काड्यांनी टाचून तिनं त्यांचं असं ताट केलेलं की रस्सा आत यायची हिंमत करीत नाही. जेवण झालं, पत्रावळी उकिरड्यावर गेल्या, गाईंनी काही खाल्ल्या, उरलेल्यांचं खत झालं. काकाजी त्या बाईसमोर उकिडवे बसून अर्धा तास टाचणी पाहत होते. ना डिंक, ना सोडा, ना मिक्सर. "पेटंट कोनाचं हाय?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, "दहाच्या बंडलाचे पैसे द्या."

ताटल्या राहिल्या आणि काकाजी परत पऱ्हाटीकडे वळले. नागपुरात अमरावती रोडला वाडीजवळ सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. ही कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संस्था मुंबईला माटुंग्यात १९२४ साली सुरू झाली. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, गोंद घालून, गरम दाबाखाली त्यांचे पार्टिकल बोर्ड करण्याचं काम तिथल्या लोकांनी कधीच करून ठेवलंय. काकाजी तिथे जाऊन आले ते दोन दिवस बोललेच नाहीत. आपला शोध आपल्या आधी कोणीतरी लावलाय, हे दुःख फक्त या प्रकारच्या माणसालाच होतं. तिसऱ्या दिवशी ते उजळ तोंडानं आले. "शोध त्यांचा, धंदा माझा."

धंद्याचा पहिला टप्पा म्हणजे माल आणणं. देशात वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास पऱ्हाटी निघते असा अंदाज सांगितला जातो. आपल्याकडे एकरी टनभर धरायला हरकत नाही. काकाजींनी भाड्यानं ट्रॅक्टर घेतला आणि पारशिवनीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेले.

शेतकरी खुशीत होता. "न्या न काकाजी. पैसे बी नको. फक्त उपटून न्या."

इथे काकाजींना जे कळलं ते गच्चीवर कळण्यासारखं नव्हतं. पऱ्हाटी सहजी उपटत नाही. चिमट्यानं एकेक झाड उपटायला माणूस लागतो, माणसाला मजुरी लागते, आणि त्या दिवसांत माणूस चण्याच्या शेतात गेलेला असतो. पूर्वी बाया जळतणाला भारे नेत. घरोघरी सिलिंडर आल्यावर तेही कमी झालं. बांधावर रचून ठेवावी तर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसून राहते आणि पुढच्या हंगामात परत पिकात उतरते. कृषी खात्याचे लोक रचू नका म्हणून सांगत फिरतात. मग शेतकरी काडी ओढतो. आपण शहरातून तो धूर पाहतो आणि म्हणतो, काय अडाणी लोक!

तरी काकाजींनी ट्रॉली भरलीच. शिगेच्या वर शीग, दोरांनी आवळलेली, दोन्ही बाजूंनी रस्ता झाडत येणारी. जबलपूर महामार्गावर ट्रकवाले बाजूला होऊन वाट देत होते. काकाजी मडगार्डवर बसलेले, वरातीतल्या नवरदेवासारखे. धरमकाट्यावर ट्रॉली चढवली. काट्यानं रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करून आकडा दाखवला: सात क्विंटल.

"काटा बिघडला जी तुमचा."

काटेवाल्यानं दुसरा ट्रक चढवून दाखवला. काटा ठीक होता. ट्रॉलीत बहुतेक हवाच होती. डिझेल, ट्रॅक्टरचं भाडं, सहा जणांची मजुरी आणि ड्रायव्हरचा दोनदा नाश्ता धरून काकाजींना ती पऱ्हाटी सागवानाच्या बरोबरीनं पडली. त्यांनी त्या रात्री वहीत लिहिलेलं वाक्य मी वाचलंय: "शोध सोपा हाय, उचलनं कठीन." वाडीच्या केंद्रातले लोकही हेच सांगत होते, की तुकडे शेतातच करा, तेवढ्याच ट्रॉलीत माल जास्त बसेल, पण काकाजी तेव्हा बोर्डाकडे पाहण्यात गुंतले होते.

त्या सात क्विंटलमधून बोर्ड निघाले. बाजारातला गोंद घातलेले, चांगले टणक. काकाजींनी पाट केले, देव्हाऱ्याची फळी केली, मला एक स्टूल भेट दिलं. पावसाळ्यात स्टुलाला सूज आली आणि त्याचे चार पाय चार वेगळ्या उंचीचे झाले. मी तक्रार केली तर म्हणाले, "लाकूड जिवंत हाय याचा पुरावा हाय न जी."

गोंद काढून टाकायचा हे मात्र त्यांच्या मनानं घेतलं. त्यांना कुठूनतरी विल्यम मेसन नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट मिळाली. १९२४ मध्ये हा गृहस्थ लाकडाच्या रेषांचा थर दाबयंत्रात ठेवून जेवायला गेला. वाफ बंद राहायची ती गळत राहिली. परत येऊन पाहतो तो आत टणक, गुळगुळीत पत्रा तयार. लाकडातलाच लिग्निन उष्णतेनं नरमला आणि त्यानंच रेषा चिकटवल्या. बाहेरचा गोंद शून्य. त्यातून मेसोनाइट हे हार्डबोर्ड आलं.

काकाजींनी या गोष्टीतला महत्त्वाचा भाग बरोबर हेरला: जेवायला जाणं. त्यांनी लगद्याचा ओला थर पाटावर पसरला, वर इस्त्री ठेवली, इस्त्रीवर वरवंटा ठेवला, बटण चालू केलं आणि जेवायला जाऊन बसले. त्या दिवशी काकूंनी मुद्दाम वांग्याची भाजी केली होती असं त्या सांगतात. मेसनसाहेबांच्या जेवणातून उद्योग उभा राहिला. काकाजींचं ताक होईपर्यंत पाट, लगदा, इस्त्री आणि त्याखालचं टेबल यांचं एकच ऐतिहासिक मिश्रण झालं होतं. ग्लॉसोप्टेरिसला ज्याला कोट्यवधी वर्षं लागली, तो कोळसा काकाजींनी पाऊण तासात केला.

मग तो रविवार आला. आमच्या गल्लीत दर रविवारी कबाडी हातगाडी घेऊन येतो. काकूंनी त्या दिवशी गच्चीवरची, पलंगाखालची, माळ्यावरची सगळी 'सॅम्पलं' अंगणात आणून मांडली. काकाजी खुर्चीत बसून होते, पाहुणे मुलीला बघायला आल्यासारखे अवघडलेले.

कबाड्यानं एकेक वस्तू हातात घेतली. वाकवली. नखानं खरवडली. हुंगली. एक तुकडा जिभेच्या टोकाला लावला. काकाजींचा बोर्ड उचलून त्यानं बराच वेळ उलटापालटा केला.

"काकाजी, हे कागद बी नाही, लाकूड बी नाही. हे मी कोनत्या ढिगात टाकू?"

"झाडापासून झालं हाय ते!" काकाजी उसळले.

"झाडापासून झालं न जी. पन गोंद मिसळला त्याच्यात. आता ते गिरणीत गळत नाही, मातीत सडत नाही. मिक्स माल कोनी घेत नाही." त्यानं गाडीतला एक चहाचा कागदी कप काढून दाखवला, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर लावलेला. "हे बी तसंच. दिसते कागद."

सिरकॉट, मेसन, कुमारप्पा यांच्यापैकी कोणाचंही काकाजींनी आजवर मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. कबाड्याचं ऐकलं. खुर्ची पुढे ओढली, टेस्टर काढून ठेवला आणि पेन मागितलं. तासभर तो सांगत होता आणि हे लिहून घेत होते: कोणता पुठ्ठा कोणत्या गिरणीला चालतो, ओला का परत येतो, कागदाची रेषा पाच-सात वेळा गळून निघाली की कशी आखूड होत जाते आणि शेवटी अंड्याच्या ट्रेपुरतीच उरते. गाडी तासभर अडून राहिली. गल्लीतल्या रद्द्या खोळंबल्या.

त्यानंतर काकाजींनी गोंद, डिंक, मेथी सगळं सोडलं. नुसता लगदा, नुसतं पाणी, नुसता दाब, नुसतं ऊन. केळीच्या साली, पऱ्हाटी आणि कबाड्यानंच आणून दिलेला जुना पुठ्ठा. यातून ते आता रोपांच्या कुंड्या काढतात; रोप कुंडीसकट मातीत जातं. रूपानं त्या फार काही नाहीत. चार घरांनी घेतल्या, मीही दोन घेतल्या, एकीत मिरची लागलीय. सावजी रश्श्याची परीक्षा काकाजींनी त्यांना घातलेली नाही. मोह झाला होता, काकूंनी डोळे वटारले.

गेल्या महिन्यात फुटक्या कुंड्यांचा एक ढीग त्यांनी स्वतःच कबाड्यापुढे ठेवला. त्यानं वाकवली, खरवडली, हुंगली, जिभेला लावली. मग काही न बोलता तराजूत टाकली. चार किलो भरलं. पुठ्ठ्याच्या भावानं चाळीस रुपये झाले. काकाजींनी दोन विसाच्या नोटांपैकी एक उन्हात धरून पाहिली आणि चौकट करून ग्लॉसोप्टेरिसच्या खाली लावली. दुसरी काकूंना दिली.

मिक्सर अजून आलेला नाही.